पित्ताशयाचं ऑपरेशन: रोखीत ७२ हजार, मेडिक्लेमवर १ लाख १५ हजार. मग करायचं कसं?

प्रश्न थोडक्यात सांगतो. नाशिकच्या एका गृहस्थांनी विचारलंय. पत्नी ४३ वर्षांची, पित्ताशयात खडे, दोनदा मध्यरात्री पोट धरून बसायची वेळ आली. सर्जननी दुर्बिणीतून पित्ताशय काढायला सांगितलं. हॉस्पिटलच्या काउंटरवर दर विचारला तर तिथल्या मुलीने आधी उलट विचारलं, "कॅश की मेडिक्लेम?" कॅश म्हटल्यावर ७२,००० चं पॅकेज निघालं, मेडिक्लेम म्हटल्यावर १,१५,००० चं एस्टिमेट. पॉलिसी ३ लाखांची, चार वर्षं जुनी. आता ते विचारतात की एकाच ऑपरेशनला दोन भाव कसे, रोखीने करून पॉलिसी 'वाचवावी' का, आणि आत्ता रोख भरून नंतर क्लेम टाकला तर चालेल का.

मी १९ वर्षं हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये काढली, त्यातली ११ टीपीए डेस्कवर, म्हणजे हॉस्पिटलात विम्याच्या क्लेमची कामं होतात त्या टेबलावर. "कॅश की मेडिक्लेम?" हा प्रश्न मी स्वतः दिवसाला पन्नास वेळा विचारलेला आहे. म्हणून उत्तर आधीच देतो: तुम्ही मेडिक्लेमच वापरा, फक्त खोली बदला.

खोली का, ते तुम्ही पाठवलेल्या दोन कागदांवरच आहे. ७२,००० च्या पॅकेजखाली बारीक अक्षरात 'ट्विन शेअरिंग' लिहिलंय, म्हणजे दोन पेशंटमध्ये एक खोली. १,१५,००० च्या एस्टिमेटवर 'सिंगल डीलक्स, ५,००० प्रतिदिन'. म्हणजे तुम्ही दोन भावांची नव्हे, दोन खोल्यांची तुलना करत होतात. हे मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. काउंटरवर तशी सवयच असते: मेडिक्लेम आहे म्हटलं की सिंगल रूम धरायची, कारण नातेवाईकही तेच मागतात. "पैसे कंपनी देणारे ना, मग जरा चांगली रूम द्या." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, आणि डिस्चार्जच्या दिवशी त्याच माणसाचा उतरलेला चेहराही.

माझ्या सांगण्यावरून तुम्ही परत जाऊन ट्विन शेअरिंगचं मेडिक्लेम एस्टिमेट मागितलंत, ते ८९,००० आलं. म्हणजे खरा फरक ४३ हजारांचा नाही, १७ हजारांचा आहे.

हा १७ हजारांचा फरक मात्र खरा आहे, आणि त्याला कारणं आहेत. रोखीचे पैसे हॉस्पिटलच्या हातात त्याच दिवशी पडतात. विम्याचे पैसे यायला महिना-दीड महिना, कधी त्याहून जास्त लागतो. येतात तेव्हा टीडीएस कापून येतात, कंपनीशी झालेल्या करारातली सूट वजा होऊन येतात, आणि वर दोन-चार 'डिडक्शन' असतात, ज्यांच्यासाठी डेस्कवरचा माणूस आठवडाभर ईमेल पाठवत बसतो. त्या माणसाचा पगारही कुठूनतरी निघायचा असतो. त्यामुळे हॉस्पिटल दरपत्रकातला आकडाच वर ठेवतं, म्हणजे सूट देऊनही हातात पुरेसं उरतं. दुसरीकडे हे ऑपरेशन आता इतकं रुळलंय की रोखीचा भाव स्पर्धेने खाली येतो. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी भारतातलं पहिलं दुर्बिणीतून पित्ताशयाचं ऑपरेशन केलं, तेव्हा ती नवलाई होती. आज तालुक्याच्या गावीही होतं. शेजारचं हॉस्पिटल ६८ हजारात करत असेल तर तुमच्या हॉस्पिटलला रोखीच्या पेशंटसाठी घासाघीस करावीच लागते. विम्याचा दर वर्षा-दोन वर्षांच्या कराराने बांधलेला असतो, तिथे काउंटरवर कुणी घासाघीस करत नाही.

आणि नेहमी विम्याचाच दर जास्त असतो असंही नाही. सरकारी चार कंपन्या, म्हणजे न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया, यांनी २०१० मध्ये मोठ्या शहरांतल्या हॉस्पिटलांशी ठरावीक पॅकेज दरांचं नेटवर्क उभं करायला घेतलं. आमच्या भाषेत 'पीपीएन'. त्या यादीतला दर कित्येकदा हॉस्पिटलच्या रोखीच्या दरापेक्षाही खाली असतो. मग काउंटरवर वेगळंच नाटक चालतं: "तुमच्या कंपनीचं पॅकेज कमी आहे, वरचे वीस हजार तुम्ही भरा." नेटवर्कमधल्या हॉस्पिटलने करारात ठरलेल्या दराच्या वर, विम्यात न मिळणाऱ्या (म्हणजे कंपनी ज्यांचे पैसे देत नाही अशा) वस्तू सोडल्या तर, पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. कुणी मागितले तर एकच वाक्य बोला: "हे पैसे कशाचे, ते पावतीवर लिहून द्या." दहापैकी आठ वेळा विषय तिथेच संपतो.

आता खोलीचं गणित, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच मार खातात. तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का आहे. ३ लाखांच्या १ टक्का म्हणजे ३,००० रुपये रोज. तुम्ही ५,००० ची खोली घेतली असती तर? वरवर वाटतं, दोन दिवसांचे दोन-दोन हजार, म्हणजे ४,००० आपण भरू, त्यात काय. पण हॉस्पिटलात खोलीचा वर्ग वाढला की सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटरचे चार्जेस, नर्सिंग, व्हिजिट, सगळं वाढतं. कंपनी म्हणते, तुमची लायकी ३,००० ची होती, घेतलीत ५,००० ची, म्हणून या सगळ्या खर्चाचेही पाचात तीन भागच आम्ही देऊ. 'लायकी' हा शब्द माझा नाही बरं का, डेस्कवर सगळे खोलीच्या 'एलिजिबिलिटी'चं असंच भाषांतर करतात.

१,१५,००० चं तुमचं एस्टिमेट घेऊ. खोली दोन दिवसांची १०,०००. सर्जन, भूल, ओटी, नर्सिंग, व्हिजिट मिळून ७०,०००. औषधं आणि ऑपरेशनचं साहित्य २८,०००. तपासण्या ७,०००. कंपनी खोलीचे ६,००० देईल. ७० हजारांचे पाचात तीन, म्हणजे ४२,०००. औषधं, साहित्य आणि तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही, तसं विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०२० मध्येच स्पष्ट केलंय. तिथले ३५,००० मिळतील, त्यातून न मिळणाऱ्या वस्तूंचे समजा ४,००० गेले तर ३१,०००. बेरीज ७९,०००. तुमच्या खिशातून ३६,०००. न मिळणाऱ्या वस्तूंचे ४,००० सोडले तरी चार हजारांची खोली बत्तीस हजारांना पडली. ट्विन शेअरिंग २,८०० ची आहे, मर्यादेच्या आत. तिथे ८९,००० च्या बिलात तुमच्याकडून जाणार फक्त ते न मिळणाऱ्या वस्तूंचे तीन-चार हजार.

आयआरडीएआयच्या २०२० च्या त्याच आदेशात अजून एक गोष्ट होती, जी फारसं कुणी वापरत नाही. ज्या हॉस्पिटलात खोलीप्रमाणे बाकीचे दर बदलत नाहीत, सगळ्यांना सर्जनची फी सारखीच, तिथे ही पाचात तीनची कात्री लावताच येत नाही. छोट्या नर्सिंग होममध्ये बऱ्याचदा असंच असतं. तसं असेल तर हॉस्पिटलच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या आणि कंपनीकडे पाठवा. आयसीयूच्या खर्चालाही ही कात्री लागत नाही.

न मिळणाऱ्या वस्तूंबद्दल थोडं. नियामकाने याद्या करून ठेवल्यात. एका यादीतल्या गोष्टी तुम्ही स्वतः भरायच्या. पण बाकीच्या याद्या वेगळ्या आहेत आणि तिथे हॉस्पिटलवाले गल्लत करतात, कधी अजाणता, कधी जाणूनबुजून. ॲडमिशन किट, फाईल उघडण्याचे पैसे, पेशंटच्या मनगटावरची पट्टी, पल्स ऑक्सिमीटर, डिस्चार्जची कागदपत्रं: हे सगळं खोलीभाड्यातच धरलेलं आहे. कापूस, गॉज, सर्जिकल ब्लेड, ॲप्रन, आणि पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये वापरतात ते हार्मोनिक स्काल्पेल: हे ऑपरेशनच्या चार्जेसमध्ये धरलेलं आहे. म्हणजे यांचे वेगळे पैसे ना कंपनीकडून मागायचे, ना तुमच्याकडून. एका बिलात मी 'हार्मोनिक युसेज' म्हणून ९,००० ची ओळ पाहिलेली आहे. कंपनीने कापली आणि हॉस्पिटलने तीच ओळ निमूटपणे पेशंटच्या माथी मारली. पेशंटच्या मुलाने यादी दाखवल्यावर ती ओळ बिलातून गेली. तो मुलगा बारावीत होता.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पॉलिसी वाचवण्याचा. रोखीचं पॅकेज ७२,००० ला 'ऑल इन्क्लुझिव्ह' वाटतं. कागद उलटा करून बघा. ऑपरेशनआधीच्या तपासण्या वेगळ्या. पित्ताशयाची बायोप्सी वेगळी. घरी न्यायची औषधं वेगळी. 'एक्स्ट्रा स्टे' वेगळा. आणि सगळ्यात महत्त्वाचा शब्द: 'अनकॉम्प्लिकेटेड'. हे पॅकेज सरळ ऑपरेशनचं आहे. बहुतेक ऑपरेशनं सरळच होतात, यात शंका नाही. चार छोटी छिद्रं, तासाभरात काम, दुसऱ्या दिवशी घरी. पण खडा पित्ताशयातून सटकून मुख्य पित्तनलिकेत बसला असेल तर आधी एमआरसीपी नावाचा स्कॅन, मग एंडोस्कोपीने तो खडा काढायची ईआरसीपी, आणि मग हे ऑपरेशन. पित्ताशयाला सूज येऊन ते चिकटलं असेल तर दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडावं लागतं. मग दोन दिवसांचे सहा होतात. अशा वेळी पॅकेज संपतं आणि मीटर सुरू होतं, आणि त्या मीटरवर घासाघीस करायला तुम्ही मोकळे नसता, कारण वहिनी आत टेबलावर असतात.

म्हणून ७२ हजारांची तुलना ८९ हजारांशी करूच नका. एका बाजूला ७२ हजार अधिक किरकोळ आठ-दहा हजार, आणि काही वाकडं झालं तर आणखी किती ते कुणालाच माहीत नाही. दुसऱ्या बाजूला तीन-चार हजार, आणि वाकडं झालं तरी ३ लाखांपर्यंत भार कंपनीवर. पॉलिसी वाचवून मिळतं काय? बोनस, म्हणजे क्लेम न केलेल्या वर्षांबद्दल वाढणारी विमा रक्कम. क्लेम केल्यावर साठलेला बोनस सहसा एका पायरीने खाली येतो, किती ते तुमच्या पॉलिसीत लिहिलेलं असतं. क्लेम केला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. पॉलिसी म्हणजे काही मुलीच्या लग्नाचे दागिने नव्हेत, पेटीत जपून ठेवायला.

रोखीने करणं शहाणपणाचं ठरतं अशा जागा आहेत. पॉलिसी नवी असेल आणि पित्ताशयाचे खडे 'ठरावीक आजारांच्या' प्रतीक्षाकाळात बसत असतील, जो बहुतेक पॉलिसींमध्ये दोन वर्षांचा असतो, तर कंपनी काही देणार नाही. सर्जन म्हणाले की दोन महिने थांबता येईल तर थांबा, पण सर्जन म्हणाले तरच. पॉलिसीत २० टक्के को-पे, म्हणजे क्लेमचा तेवढा भाग स्वतः भरायची अट असेल आणि रोखीचा दर खूपच खाली असेल, तरी हिशेब करून बघण्यासारखा आहे. मात्र नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर रोखीऐवजी आधी ती वापरा. त्यात बहुधा प्रतीक्षाकाळ नसतो आणि तुमच्या स्वतःच्या पॉलिसीचा बोनस शाबूत राहतो. वहिनी नोकरी करतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. करत असतील तर उद्याच त्यांच्या एचआरला फोन लावा.

तिसरा प्रश्न: रोख भरून नंतर क्लेम. कायद्याने काही अडचण नाही, रीइम्बर्समेंट त्यासाठीच असते. अडचण व्यवहारात येते. ७२,००० च्या पॅकेजवर एका ओळीचं बिल मिळतं: 'लॅप कोली पॅकेज', म्हणजे दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं. कंपनी म्हणते, फोड द्या. खोली किती, सर्जन किती, औषधं किती, औषधांची बिलं कुठे. हॉस्पिटलला फोड द्यायची म्हणजे दरपत्रक लावावं लागतं, आणि मग ऐकू येतं, "क्लेम करणार असाल तर कॅश रेट लागणार नाही." म्हणून हे ॲडमिशनच्या आधी विचारा. सविस्तर बिल, पावत्या, औषधांची बिलं, डिस्चार्ज समरी, सोनोग्राफीचा रिपोर्ट, हॉस्पिटलचं नोंदणी प्रमाणपत्र, हे सगळं मिळणार असेल तरच या वाटेने जा, कंपनीला आधी कळवून. 'पावती नको असेल तर अजून पाच कमी करतो' असं कुणी म्हणालं तर उठून या. २ लाख किंवा त्याहून मोठी रक्कम रोखीत घेणं तर २०१७ पासून बेकायदाच आहे. 'रोखीचा दर' याचा अर्थ नोटा असा नसतो, यूपीआय आणि कार्डही त्यातच आलं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही वाटेने गेलात तरी सांभाळा, ती म्हणजे पहिला केसपेपर. डॉक्टर विचारतात, "किती दिवसांपासून दुखतंय?" आणि आपल्याकडची माणसं सहज बोलून जातात, "अहो, वर्षानुवर्षं आहे हे." डॉक्टर बिचारे तसंच लिहितात. त्या एका ओळीवरून मी क्लेम महिना-महिना अडकलेले पाहिलेत, कारण कंपनी विचारते, मग पॉलिसी घेताना का नाही सांगितलं? खोटं अजिबात सांगू नका, तारीख फिरवायला तर डॉक्टरांना कधीच सांगू नका. पण नीट आठवून सांगा. सासूबाईंच्या हातचं तळण खाल्ल्यावर पाच वर्षांपूर्वी झालेली ॲसिडिटी आणि सहा महिन्यांपूर्वी सोनोग्राफीत दिसलेला खडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कॅशलेसची, म्हणजे कंपनी थेट हॉस्पिटलला पैसे देते त्या पद्धतीची, वेळापत्रकं आता बरी झालीत. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या आदेशाप्रमाणे कंपनीने प्री-ऑथवर, म्हणजे आगाऊ मंजुरीच्या अर्जावर, तासाभरात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळी शेवटची मंजुरी तीन तासांत. त्याहून उशीर झाल्यामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. प्रत्यक्षात दर वेळी घड्याळ पाळलं जातं असं नाही, पण नियम तोंडपाठ असलेल्या माणसाशी डेस्क वेगळं वागतं. तुमचं ऑपरेशन ठरवून होणारं आहे, तेव्हा फॉर्म तीन-चार दिवस आधीच पाठवा. पहिली मंजुरी अर्ध्याच रकमेची आली तर घाबरू नका, उरलेली फायनल बिलावर येते. डिपॉझिट घेतलं तर पावती ठेवा, ते परत मिळतं. आणि क्लेम चुकीचा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, तिथे काही झालं नाही तर विमा लोकपालाकडे. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही.

तुमच्या गरजेचा नसला तरी वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा म्हणून एक तिसरा भाव सांगून ठेवतो. महाराष्ट्रात धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर पहिल्यात, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुसऱ्यात. मोठमोठी, काचेच्या दारांची हॉस्पिटलंही यात येतात, फक्त तो फलक सहसा लिफ्टच्या मागे लावलेला असतो. समाजसेवकाची खोली कुठे आहे असं रिसेप्शनवर विचारायचं. रेशन कार्ड असलेल्यांनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्रालाही भेटावं. आपलं ऑपरेशन त्या हॉस्पिटलात योजनेखाली होतं का, ते तोच सांगेल.

तर नाशिककर, उद्या डेस्कवर जाऊन ट्विन शेअरिंगचं एस्टिमेट फोडीसह लेखी घ्या, खोलीभाडं २,८०० लिहिलंय ना ते बघा, आणि प्री-ऑथ फॉर्मवरही तोच वर्ग भरायला लावा. ॲडमिशनच्या दिवशी 'ट्विन रिकामी नाही, तात्पुरती सिंगल घ्या' असं म्हणाले तर 'खोलीच्या अभावी, दर ट्विनचाच' असं लिहून सही-शिक्का घ्या. माझ्या डेस्कवर हे मागणारा महिन्यातून एखादाच भेटायचा, आणि त्याला आम्ही ते लगेच द्यायचो.

ऑपरेशननंतर सर्जन एका छोट्या डबीत खडे दाखवतील. ते पाहून बाकीचं विसरू नका. काढलेलं पित्ताशय बायोप्सीला जातं, रिपोर्ट आठवड्याभराने येतो आणि कित्येक जण तो न्यायलाच जात नाहीत. तो आणा, सर्जनना दाखवा. त्याचं बिल, डिस्चार्जनंतरची औषधं आणि पुन्हा दाखवायला गेल्याची फी हे सगळं नंतरच्या खर्चात मिळतं, सहसा ६० दिवसांपर्यंतचं. ऑपरेशनआधीच्या ३० दिवसांतली सोनोग्राफी आणि रक्त तपासण्याही त्यातच लावा. यासाठी वेगळा क्लेम फॉर्म भरावा लागतो, तो डेस्कवर मागितल्याशिवाय कुणी देत नाही.